पाना घेऊन पाल्पाला

पुण्याहून सुटलेली गोरखपूरची गाडी दौंडच्या अलीकडे केडगाव ओलांडत होती. आमच्यातल्या परिचारिका ताईंनी पोरांना हातातली पोळी बाजूला ठेवायला लावली आणि खिडकीबाहेर बघायला सांगितलं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन याच गावात आहे. दुष्काळाने उघड्यावर पडलेल्या मुलींना आणि विधवांना रमाबाईंनी इथे आणलं आणि शेतीपासून छपाईपर्यंतची कामं शिकवली. हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी मुक्तीच्याच छापखान्यात छापायला घेतलं. खिळे जुळवायला याच मुली आणि बायका होत्या. संपूर्ण बायबल बाहेर आलं १९२४ साली, तेव्हा रमाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. गाडी पुढे अहिल्यानगरवरून जाते. तिथे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. माझे आजोबा त्याच जिल्ह्यातल्या एका मिशन शाळेत अक्षर शिकले. ते शिकले नसते तर माझे वडील चिंचवडला कारखान्यात लागले नसते आणि माझ्या हातात पाना आला नसता. परदेशातून आलेल्या अनोळखी माणसांचं आमच्या घरावर असं थेट देणं आहे. नेपाळला जायचं ठरलं तेव्हा माझ्या मनात सगळ्यात वर हीच गोष्ट होती.

आमच्या मंडळीत चर्चा आधी रंगकामाची झाली होती. डोंगरातल्या एखाद्या शाळेच्या भिंती रंगवाव्यात, मुलांना खाऊ आणि वह्या वाटाव्यात, असं काहींना वाटत होतं. पाळकसाहेबांनी एक साधा प्रश्न विचारला: तिथे रंगारी नाहीत का? आपल्या तिकिटांच्या पैशात तिथल्या रंगाऱ्याला काम मिळालं असतं, शाळाही रंगली असती. जगभरातल्या मंडळ्या सुट्टीत अशा छोट्या सेवायात्रा काढतात, आणि त्यांतल्या बऱ्याच याच प्रश्नापाशी अडतात. मग पाल्पा जिल्ह्यातल्या एका लहान ख्रिस्ती दवाखान्याला आम्ही विचारलं, तुम्हाला काय हवंय? फोनवर यादी आली. ऑटोक्लेव्हच्या झाकणातून वाफ सुटते, सक्शन मशीन ओढत नाही, दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बंद, खाटांची चाकं जाम, इन्व्हर्टर दगा देतो. यादी वाचून मला मनापासून आनंद झाला. मेन्टेनन्समध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला, त्याच्या हातांना जे येतं नेमकं तेच, देवाच्या कामासाठी मागितलं गेलं होतं.

ज्या पट्ट्यात आम्ही राहतो तिथे भोसरीच्या एखाद्या गाळ्यात नमुना दाखवला की दुपारपर्यंत सिलिकॉनचं गॅस्केट कापून मिळतं. बेअरिंग, ओ-रिंग, कॅपॅसिटर, फिल्टर, सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आत. पाल्पाच्या डोंगरात तेच गॅस्केट काठमांडूहून यायची वाट बघावी लागते, आणि तोवर निर्जंतुक अवजारांवाचून बाळंतपणं अडतात. आमच्या पेट्यांमध्ये म्हणून कपड्यांपेक्षा सुटे भाग जास्त होते.

गोरखपूरहून जीपने सोनौली. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, म्हणून सीमा ओलांडणं एखाद्या गर्दीच्या बाजारातून चालत जाण्याइतकंच. घड्याळ पाऊण तास नाही की अर्धा तास नाही, फक्त पंधरा मिनिटं पुढे करायचं. आपल्या शंभर रुपयांचे तिथे एकशे साठ होतात. हा दर १९९३ पासून हलला नाही.

सीमेच्या अलीकडच्या लॉजमध्ये पाळकसाहेबांनी सगळ्यांना बसवून कायदा समजावून सांगितला. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाने कुणाचंही धर्मांतर करायला मनाई केली आहे आणि फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची कैद आहे. आमच्या पेटीत एकही पत्रक नव्हतं. आयटीआय झालेल्या आमच्या दोन पोरांपैकी एकाने विचारलं, मग हे मिशन कसलं? पाळकसाहेबांनी त्याला मत्तयाचा पंचविसावा अध्याय काढायला लावला. न्यायाच्या दिवशी राजा काय विचारतो ते तिथे आहे: भुकेल्याला जेवू घातलं का, आजाऱ्याकडे गेलात का. मला या कायद्याचा अडथळा वाटला नाही. दुसऱ्याच्या देशात पाहुणा म्हणून गेल्यावर त्यांचा कायदा पाळायचा, आणि ज्याला आमचा प्रभू कळायचा त्याला तो नीट फिरणाऱ्या चाकाच्या खाटेवरूनही कळू शकतो, अशी माझी श्रद्धा आहे.

भैरहवा मागे टाकून बुटवलला पोचलो. तराईचं सपाट मैदान इथे संपतं आणि तिनाऊ नदी डोंगराच्या चिरेतून बाहेर पडते. बुटवल टेक्निकल इन्स्टिट्यूट बघायचं मी आधीपासून मनात धरलं होतं. ऑड होफ्टुन हा नॉर्वेचा इंजिनिअर १९५८ साली मिशनचं काम घेऊन नेपाळला आला तो पाल्पातल्या तानसेन गावचं हॉस्पिटल बांधायला. बांधताना त्याला दिसलं की सुतार, फिटर, इलेक्ट्रिशियन यांचीच वानवा आहे. त्याने १९६३ मध्ये ही संस्था काढली. पोरांनी वर्गात बसून शिकायचं नाही, कामावर शिकायचं. हातून बनलेली वस्तू विकायची, त्यातून संस्था चालवायची. टेल्कोच्या किंवा बजाजच्या अप्रेंटिसशिपमधून गेलेल्या चिंचवडकराला ही पद्धत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

होफ्टुन तेवढ्यावर थांबला नाही. कारखाने चालवायला वीज हवी, म्हणून तिनाऊच्या घळीत बोगदा खोदून एक मेगावॉटचा प्रकल्प उभा केला. खोदणारे, जोडणारे हात नेपाळी पोरांचे, काम करतच शिकलेले. त्यानंतर आंधीखोलाचा पाच मेगावॉटचा आणि झिमरुकचा बारा मेगावॉटचा. आंधीखोलाला नॉर्वेत वापरून काढलेली यंत्रं आणून बसवली, हे ऐकून आमच्या पोरांचे डोळे चमकले. जुनी मशीन उघडून, घासून, पुन्हा चालती करणं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. ज्या बुटवल पॉवर कंपनीने हे प्रकल्प चालवले ती पुढे नेपाळी हातांत गेली. मिशनरी इंजिनिअरने उभं केलेलं काम त्याच्यावाचून चालू राहिलं. माझ्या मते मिशनच्या कामाची हीच खरी तपासणी आहे, आणि ती आमच्यासारख्या थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्यांनाही लागू आहे.

बुटवलहून तानसेनचा रस्ता चढाचा. सिद्धबाबा मंदिराजवळ दरड कोसळून वाहतूक तासन्‌तास अडते, आमचीही अडली. तानसेन साडेतेराशे मीटरच्या आसपास वसलेलं, उतारावर पसरलेलं जुनं व्यापारी गाव. दगडी गल्ल्या, ढाका कापडाच्या टोप्या, तोटीचे पितळी करुवे. ताईंना हॉस्पिटल बघायचं होतं. ते बघताना मला नागपूर आठवलं आणि त्याचं कारण सांगायला हवं.

१९५१ पर्यंत राणांच्या राजवटीत नेपाळ बाहेरच्या जगाला जवळजवळ बंद होता. रॉबर्ट फ्लेमिंग मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत शिकवायचे, पक्ष्यांचे अभ्यासक होते. १९४९ मध्ये ते पक्षी गोळा करायला या डोंगरांत आले. दोन वर्षांनी आले तेव्हा सोबत त्यांच्या डॉक्टर पत्नी बेथेल आणि डॉ. कार्ल फ्रेडरिक्स होते. त्यांनी तानसेनला तात्पुरता दवाखाना उघडला आणि माणसं लांबून चालत आली. सरकारकडून रुग्णालयाला परवानगी मिळाल्यावर निरनिराळ्या मिशनसंस्था एकत्र बसल्या आणि ५ मार्च १९५४ ला युनायटेड मिशन टू नेपाळची स्थापना झाली. ती बैठक भरली होती आपल्या नागपुरात. त्याच १९५४ मध्ये आमच्या पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, आपल्या देशाने पेनिसिलिन स्वतः बनवावं म्हणून. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. तरी दीडशेहून अधिक खाटांच्या त्या हॉस्पिटलच्या दारात उभं असताना मला त्या वर्षाचा अभिमान वाटला.

आमचा दवाखाना तिथून आणखी आत. तिथे यंत्रं सांभाळणारा एक तरुण आहे, आम्ही त्याला भाइ म्हणायचो आणि तो मला दाइ. पहिल्याच सकाळी ठरवलं की पाना त्याच्या हातात राहील. आमची पोरं बाजूला उभी राहून सांगतील, उघडेल तो.

ऑटोक्लेव्हला नवं गॅस्केट बसवलं तरी वाफ सुटायचीच. दोष रबरात नव्हता. डोंगरी पाण्यातल्या क्षारांनी खोबण भरून गेली होती. भाइने अर्धा दिवस लाकडी पट्टीने आणि व्हिनेगरने ती साफ केली, धातूला ओरखडा जाऊ दिला नाही. मग सेफ्टी व्हॉल्व्ह तपासला, १२१ अंशांवर काटा स्थिर राहिला आणि ताईंनी पहिला ट्रे आत ठेवला. सक्शन मशीनचा डायफ्रॅम फाटला होता, तो बदलला. कॉन्सन्ट्रेटरचं दुखणं मोठं. त्याच्या आत झिओलाइटचे दाणे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतात. चुलीच्या धुराने फिल्टर चोंदले होते. एका मशीनचे फिल्टर आणि कॉम्प्रेसरच्या रिंगा बदलल्यावर ऑक्सिजन नव्वद टक्क्यांच्या वर आला. दुसऱ्यातल्या झिओलाइटने दमट हवा पिऊन घेतली होती, ते तिथे दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. रोज काय तपासायचं, दर आठवड्याला काय धुवायचं, याचा तक्ता भाइने नेपाळीत लिहून भिंतीला लावला. लिपी आपलीच, त्यामुळे आमच्या पोरांनाही तो वाचता येत होता.

दुपारी दालभात, गुन्द्रुक, आणि पाल्पाची चुकाउनी: उकडलेला बटाटा, दही, कांदा, वरून मेथीची फोडणी. ताईंनी कृती लिहून घेतली.

नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी, म्हणून उपासनाही शनिवारी. चपला बाहेर काढून सतरंजीवर बसायचं, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मादलाच्या ठेक्यावर भजन सुरू झालं आणि मला लहानपणीची आमच्या गावची उपासना आठवली. तिथल्या पाळकांनी प्रार्थनेत आमच्या शहरातल्या रात्रपाळीच्या कामगारांसाठी देवाकडे मागितलं. भारतात असा विषय घेऊन कुणी प्रार्थना केलेली मी ऐकली नव्हती. मला बोलता येईना. उपासनेनंतर एक आजी आल्या. त्यांचा मुलगा चाकणकडे हॉटेलात स्वयंपाकी आहे, तो शनिवारी कुठे जातो, त्याला कुणी विचारतं का, एवढंच त्यांना हवं होतं. चिंचवड-चाकणच्या हॉटेलांत, सोसायट्यांच्या फाटकांवर किती नेपाळी माणसं आहेत हे आम्ही रोज बघत होतो आणि त्यांच्या घरची वाट मात्र पहिल्यांदाच बघत होतो. परतल्यावर पाळकसाहेब आणि मी त्याला भेटून आलो. आता त्याच्यासारख्यांसाठी त्यांच्या सुट्टीच्या वेळेप्रमाणे नेपाळी प्रार्थना आमच्याच मंडळीच्या हॉलमध्ये होते.

दुसरा कॉन्सन्ट्रेटर आम्ही सोबत घेऊन आलो नाही. भाइ म्हणाला, तो घेऊन मीच येतो, तुमच्याकडे कसं करतात ते मला बघायचंय. त्याच्या येण्याजाण्याचा आणि राहण्याचा हिशेब केला, तर आमच्या सबंध गटाच्या खर्चाच्या तो पावही निघाला नाही. त्यामुळे पुढचा गट आम्ही लहान ठेवलाय. जातील फक्त ती दोन पोरं, सुटे भाग घेऊन. भाइ इकडे येईल. भोसरीतल्या एका दुरुस्तीवाल्यांनी त्याला बाकावर जागा द्यायचं कबूल केलंय, राहण्याची सोय ताईंच्या घरी आहे, आणि गोरखपूरपर्यंत आणायला पोरांपैकी एक जाणार आहे.