सव्वादोन लाख पगार आणि पोर परवडत नाही?

दोघं हिंजवडीत आयटीत, महिन्याला दोन लाख वीस हजार हातात येतात, आणि म्हणे दुसरं मूल परवडत नाही! हे वाक्य थेरगावात कुणासमोरही बोलून बघा, समोरचा हसणार. चाकणला कंत्राटी म्हणून राबणारा तर म्हणेल, "एवढ्यात आमची आख्खी चाळ जगेल की राव." त्याचंही खरंच आहे. पण हसण्याआधी हिशेब मागायची आम्हा पत्रकारांना खोड. ओळखीतल्या एका जोडप्यानं तो मोकळेपणानं दिला. नावं सांगत नाही, आकडे सांगतो.

घराचा हप्ता साडेबासष्ट हजार. सोसायटीचा मेंटेनन्स ६ हजार. गाडीचा हप्ता १८. मुलीची शाळा, बस, गणवेश, पुस्तकं मिळून महिन्याला १७. शाळा सुटल्यावर पाळणाघर १२. क्लास आणि छंदवर्ग ६. स्वयंपाक-धुणीभांडीवाल्या मावशी ९. किराणा, दूध, गॅस, लाइट २८. पेट्रोल १०. विमा-दवाखाना १०. गावाकडे आईवडिलांना १५. बेरीज एक लाख साडेत्र्याण्णव हजार. उरले साडेसव्वीस. दिवाळी, लग्नकार्यं, गावाला जाणं-येणं आणि म्हातारपणाची पुंजी, सगळं त्यातच.

आता बघा, मुलीवर थेट खर्च होतो ३५ हजार. दुसरं मूल आलं आणि तेवढाच खर्च धरला, तर दर महिन्याला साडेआठ हजारांची तूट. म्हणजे गणित खोटं नाही. "चोचले कमी करा" म्हणणाऱ्यांनी गाडी विकायला लावली तरी तूट भरून जेमतेम साडेनऊ हजार उरतात. आणि दोन पोरं मागं बसवून वाकडच्या ट्रॅफिकमधून पावसाळ्यात दुचाकी काढायला त्यांना कुणी सांगावं?

पण या यादीत मला सर्वात मोठा आकडा पोरीचा दिसला नाही, घराचा दिसला. फ्लॅट ९० लाखांचा. बांधकाम चालू असताना घेतला म्हणून ५ टक्के जीएसटी, ७ टक्के मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी, म्हणजे ११ लाख १० हजार नुसते सरकारला. बँकेनं ८० टक्के, म्हणजे ७२ लाख दिले. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं फेडायचे. फिटेपर्यंत ७२ लाखांचे दीड कोटी होतात. पोरगी नोकरीला लागेल तेव्हा आईबाप मोकळे होतील.

त्यात नोकरीचा भरवसा नाही. २०२५च्या जुलैत टीसीएसनं सुमारे १२ हजार लोक कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा आपल्या पट्ट्यातल्या किती घरांत त्या रात्री जेवण गोड लागलं नसेल! पगार एका मेलवर थांबू शकतो, हप्ता थांबत नाही.

आता माझं सांगतो. माझी मिळकत या जोडप्याच्या पाव हिश्श्याचीही नाही. तरी दोन मुलं आहेत, शिकतायत. यात माझी हुशारी काहीच नाही. वडील कंपनीत कामगार होते, त्यांनी ऐंशीच्या दशकात इथं गुंठाभर जागा घेतली आणि जमेल तसं बांधलं. मला हप्ता नाही. मुलं लहान असताना आई घरात होती, त्यामुळे पाळणाघर नाही. मुलं अनुदानित मराठी शाळेत, त्यामुळे फी किरकोळ. म्हणजे माझी मुलं माझ्या पगारावर वाढली नाहीत. वडिलांचा गुंठा, आईचे हात आणि सरकारी अनुदान, या तिघांवर वाढली. सव्वादोन लाखवाल्याला हे तिन्ही बाजारातून विकत घ्यावं लागतं. त्याच्यात आणि माझ्यात फरक आहे तो इथं.

ही नगरी अशी नव्हती. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण झालं ते कामगाराला परवडणारं घर मिळावं म्हणून. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या परताव्याचं भांडण पिढ्यान्‌पिढ्या चाललं, हा भाग वेगळा. पण घर ही सार्वजनिक जबाबदारी आहे असं निदान कागदावर तरी होतं. २०२१ मध्ये ते प्राधिकरणही विलीन झालं. हिंजवडीत नोकरीला आलेल्या पिढीच्या वाट्याला फक्त बिल्डर आणि बँक आली.

पाण्याचंही तेच. नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी. पवना भरून वाहिली तरी सोसायटीच्या गेटवर टँकर उभाच. मेंटेनन्सचे ते ६ हजार म्हणूनच. एकदा कर भरायचा, एकदा टँकरला द्यायचे.

मात्र सव्वादोन लाखवाल्यांनाही एक विचारायचंय. तुमच्याकडं नऊ हजारांत येणाऱ्या मावशी तीन-चार घरं करतात, त्यांचीही मुलं याच शहरात वाढतात. तुमचं पोर सांभाळलं जावं म्हणून त्यांचं पोर कुणाकडं असतं? आणि महापालिकेची शाळा, दवाखाना, मैदान यांच्याकडं तुम्ही पाठ फिरवली, तर तिथं जाब विचारणार कोण? एकेकाळी आशियातली श्रीमंत महापालिका म्हणून मिरवलेल्या गावात शिकलेला माणूस सभागृहाकडं फिरकत नाही. जे फिरकतात त्यांना पाळणाघर सुचत नाही, कमान सुचते.

कायदे नाहीत असंही नाही. २०१७च्या दुरुस्तीनं मातृत्व लाभ कायद्यात ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता येतं. तुमच्या ऑफिसात आहे का? एचआरला लेखी विचारलंय का? खासगी शाळांच्या शुल्कावर २०११चा कायदा आहे. फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची संमती लागते. पुढच्या दुरुस्तीनं मेख मारली ती अशी, की पालकांना तक्रार करायची तर २५ टक्के पालक एकत्र यायला हवेत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज शंभर गुड मॉर्निंग पडतात. तिथं २५ टक्के सह्या जमणार नाहीत?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर १.७ आला. लोकसंख्या टिकायला २.१ लागतो. याचं कारण फक्त महागाई नाही, बायका शिकल्या, आपलं आपण ठरवू लागल्या, ते चांगलंच झालं. पण ज्यांना मूल हवंय आणि हिशेबाच्या कागदाकडं बघून जे थांबलेत, त्यांचं थांबणं हा त्यांचा खासगी प्रश्न म्हणून सोडून देता येणार नाही. दोघं कमावत असून, सव्वादोन लाख हातात येत असून ज्या शहरात दुसरा पाळणा हलवायची भीती वाटते, तिथं बारा-पंधरा हजारांवर पोरं वाढवणाऱ्यांचं काय होत असेल?

पुढच्या वेळी मतं मागायला कुणी दारात आलं, तर रस्ता, ड्रेनेज विचाराच. सोबत एवढंही विचारा: आमच्या वॉर्डात महापालिकेचं पाळणाघर कधी होणार?