सळई, बियाणं आणि रेशीम

बदनापूर मागे पडलं की खिडकीतून काळं रान दिसतं, मधे मोसंबीच्या बागा, आणि मग धुरांडी. जालना जवळ आल्याची खूण आता तीच. निजामाच्या राज्यात 1900 साली मनमाड-हैदराबाद लोहमार्ग इथून गेला, तेव्हाही हे व्यापाराचंच गाव होतं. डिसेंबर 2023 मध्ये मुंबईची वंदे भारत इथपर्यंत आली, तेव्हा गावाला वर्षानुवर्षं अपेक्षित असलेलं काहीतरी मिळाल्यासारखं वाटलं असेल.

स्टेशनबाहेर पहिली भूक भागवली ती सुशीलानं. चुरमुरे भिजवून पिळायचे आणि मिरची, कढीपत्ता, शेंगदाण्यांच्या फोडणीत परतायचे. पोह्यांसारखं दिसतं, पण जिभेवर पोह्यांहून हलकं. मुंबई-पुण्याकडच्या माणसाला हा पदार्थ सहसा माहीत नसतो.

कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला काद्राबाद, म्हणजेच नवा जालना. इथला ‘नवा’ जालनाही जुनाच आहे. मोती तलाव मलिक अंबरच्या काळातल्या जमशेदखानानं बांधला आणि त्यातून जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत पाणी खेळवलं. मस्तगडाची बांधणी 1725 ची, हैदराबादच्या निजाम घराण्याचा संस्थापक आसफजाह याच्या हुकमानं झालेली. गडाभोवती वस्ती इतकी दाटली आहे की तटबंदी शोधत फिरावं लागतं. जमशेदखानाच्या नळांचं मला फार अप्रूप वाटलं. चारशे वर्षांपूर्वी या गावानं ज्या प्रश्नाला हात घातला, तोच प्रश्न आजही गावापुढे आहे.

खरं पाहायला आले होते ती कोषांची बाजारपेठ. बाजार समितीच्या आवारात 2018 मध्ये ही सुरू झाली, रेशीम कोषांची राज्यातली पहिली. पांढऱ्याशुभ्र कोषांचे ढीग, त्यांच्यावर वाकलेले व्यापारी. कुणी मूठभर कोष कानाशी धरून हलवतो, कुणी एखादा कापून आत बघतो. कोष बोटांत दाबून त्याची कवची किती टणक, तेही पाहतात. वास उग्र असतो, पण तासाभरात नाकाला सवय होते. एका चांगल्या कोषातून सुमारे किलोमीटरभर अखंड धागा निघतो. मात्र आतला पतंग कोष फोडून बाहेर आला की धागा तुटलाच. म्हणून हा माल घरात ठेवून भाव वाढायची वाट बघता येत नाही, आणि म्हणूनच बाजार जवळ असणं हे इथं सगळ्यात मोठं भांडवल आहे.

बीडकडून आलेले एक काका पोत्यावर बसले होते. म्हणाले, “ताई, पहिले कर्नाटकात रामनगरला न्यायचो. रातभर गाडीत. तिथं जाऊस्तोवर वजन घटायचं, अन् भाव पडला तरी माल माघारी कसा आणावा? आता सकाळी निघतो, दिवस मावळायच्या आत घरी.” तुतीला उसाच्या मानानं फार थोडं पाणी लागतं, आणि अळी पंचवीसेक दिवसांत कोष विणते. महिन्याकाठी पैसा हाती येणं म्हणजे काय, हे वर्षातून एकदा कापूस विकणाऱ्यालाच विचारावं. जगातलं सगळ्यात जास्त रेशीम आजही चीनमध्ये होतं, भारत दुसरा. ज्या कलेची चीननं शतकानुशतकं राखण केली, ती बीड-जालन्याच्या कोरडवाहू घरांत पोचलेली बघून मला मनापासून आनंद झाला.

दुपारी जेवण येसराच्या आमटीचं. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ मसाल्यांसकट भाजून दळलेलं पीठ म्हणजे येसर. उकळत्या पाण्यात ते पडलं की लग्नाच्या पंगतीला पुरेल इतकी आमटी होते. भाकरी कुस्करून, कच्चा कांदा फोडून खाल्ली. डाळ-भाजी दोन्हींची गरजच उरत नाही. ज्या मुलखात भाजीपाला बारमाही नव्हता, तिथल्या बायकांनी शोधलेलं हे अन्न आहे, आणि त्याचा मान कुठल्याही पक्वान्नाएवढा आहे.

एमआयडीसीत दुसरंच जग. भंगाराचे डोंगर, विजेची भट्टी, वितळलेल्या लोखंडाचे बिलेट, आणि रोलिंगमधून सळसळत निघणारी लालभडक सळई. तिच्यावर पाण्याचा मारा होतो, वरचा थर कडक होतो आणि गाभा लवचीक राहतो. उत्तर प्रदेश-बिहारची पोरं त्या धगीत उभी असतात. त्यांच्या घामाचा उल्लेख सळईच्या जाहिरातींत कधी आलेला मी पाहिलेला नाही.

बियाण्यांचं गावही हेच. बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून 1964 मध्ये इथं महिको उभी केली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. महिकोनं आणलेल्या बीटी कापसाच्या भल्याबुऱ्यावर मराठवाड्यात आजही वाद झडतात, ते झडायलाच हवेत. पण संकरित बियाणं देशभर जाणारं गाव म्हणून जालन्याचं नाव त्या माणसानं केलं, हे नाकारता येणार नाही.

आता समृद्धी महामार्ग शहराजवळून गेला, ड्रायपोर्टचं भूमिपूजन 2015 मध्ये झालं, 2023 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. भंगार बाहेरून येतं, मजूर बाहेरून येतात. पाणीही बरंचसं बाहेरूनच येतं, पैठणच्या जायकवाडीतून. 2012-13 च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. त्याच मोसंबीला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं.

गावाचं स्वतःचं पाणी बघायचं होतं, म्हणून घाणेवाडीला गेले. निजामाच्या काळातला हा तलाव, आता संत गाडगेबाबा जलाशय. इथून पाणी पंपाशिवाय, उतारानं जालन्यात येतं. गाळानं तो भरत चालला तेव्हा गावातले लोक एकत्र आले, वर्गणी काढली आणि गाळ उपसायला लागले. तोच गाळ शेतकऱ्यांनी रानात नेऊन टाकला. काठावर भेटलेले एक गृहस्थ दूरवर हात करून सांगत होते, “तिथून इथपर्यंत नुसती माती होती, बाई. आता बघा.” पुढच्या वर्षी पुन्हा उपसायला लागेल, हेही त्यांनी लगेच सांगितलं, आणि कुठल्या कोपऱ्यापासून सुरू करायचं तेही.