मुक्काम पोस्ट ठकी

वीकेण्ड आला की माझे फ्रेण्ड्स लोणावळा, फार फार तर महाबळेश्वर गाठतात. मी अंबाजोगाईची एसटी पकडते. ‘बीड जिल्ह्यात? तिथे बघण्यासारखं काय आहे?’ हा प्रश्न ठरलेला. आता योगेश्वरीचं देऊळ आहे, मुकुंदराजांची समाधी आहे, हत्तीखान्याची लेणी तर सॉलिडच आहेत. पण खरं सांगू? माझं उत्तर बरीच वर्षं एकच होतं. ठकी!

ठकी म्हणजे आजोळची गाय. अस्सल लाल कंधारी. नांदेडच्या कंधारवरून पडलेलं नाव, पण ही जात आमच्या बालाघाटच्या डोंगरातही जुनीच. गडद तांबडा रंग, लांब कान आणि नजरेत ‘तू कोण गं?’ असा भाव. मांजरसुंबा, नेकनूर, केज करत धुळीने माखून मी पोचायचे, तर ही आधी माझी सॅक हुंगायची. खायला काही असेल तर ओळख, नाहीतर शेपटीचा फटका.

धार फक्त आज्जीलाच काढू द्यायची. एकदा आज्जी दोन दिवस गावाला गेली. मामाने गोंजारलं, ढेप दाखवली, शिव्याही दिल्या. ठकीने चरवीच उडवली. शेवटी सहा फुटी मामा आज्जीचं लुगडं डोक्यावरून घेऊन बसला आणि दूध निघालं! (मोबाइलमध्ये कॅमेरा असता तर मामा आजही माझ्या मुठीत असता.)

दूध तरी किती? दोन-तीन लिटर. मामाच्या डोक्यात तेव्हा जर्सी. पण ही जात मुळात दुधाची नाहीच, ती बैलांची. उन्हातान्हात, कमी चाऱ्यावर ओढकामाला टिकणारे बैल. ठकीचा एक खोंड ऊसतोड करणाऱ्या एका जोडप्याने नेला होता. दिवाळीनंतर गाड्या कारखान्याकडे निघाल्या की आज्जी रस्त्याला जाऊन बघायची, तो दिसतोय का म्हणून.

मग २०१८चा पाऊस दगा देऊन गेला. २०१९च्या उन्हाळ्यात आज्जी आणि ठकी चक्क चारा छावणीत राहायला! मी तेव्हा पुण्यात मास कॉम करत होते. जाऊन बघते तर पाचटाच्या सावलीत बाज, बाजेवर आज्जी, आणि कानात पिवळा बिल्ला लावलेली ठकी समोरच्या उसाकडे तोंड फिरवून उभी. तिला कडबाच हवा! सरकार मोठ्या जनावरामागे दिवसाला नव्वद रुपये देत होतं, नंतर शंभर झाले. त्यात मॅडमचा मेनू कुठून बसणार?

मामा म्हणाला, आता विकू. सोळा वर्षांची भाकड गाय. मामाचं चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही. टँकरच्या पाण्यावर घर चाललं होतं. त्यात २०१५च्या गोवंश हत्याबंदीनंतर म्हाताऱ्या जनावराला बाजारात कुणी विचारत नव्हतं. ठेवायचं परवडत नाही, विकायचं जमत नाही.

आज्जी एवढंच म्हणाली, “ती काय बाटली हाय का, रिकामी झाली की इकायला?”

त्याच वर्षी जानेवारीत आमच्याच जिल्ह्यातल्या दहिवंडीच्या शब्बीरमामूंना पद्मश्री जाहीर झाली होती. भाकड जनावरं सांभाळणारा माणूस. बैल दिला तर कसायाला विकणार नाही असं लिहून घेणारा. छावणीत त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक. मामाने एका संध्याकाळी विचारलंसुद्धा, “तिकडं नेऊन सोडू का?” आज्जीने उत्तर दिलं नाही. उठली आणि ठकीच्या पुढ्यातला ऊस कोयत्याने बारीक करत बसली. बोटभर तुकडे. ते मात्र ठकीने खाल्ले!

पाऊस आला, छावणी उठली, दोघी चालत घरी आल्या. पुढच्या वर्षी ठकी गेली. बांधावरच्या लिंबाखाली खड्डा मामानेच खणला, एकट्याने.

आता गोठ्यात तिची नात आहे. तशीच तांबडी. जर्सी काही आली नाही. आज्जीचे गुडघे गेलेत, त्यामुळे धार मामाच काढतो. परवा पहाटे दार उघडून बघते तर मामा गोठ्यात खाली बसलेला, आणि डोक्यावर आज्जीचं लुगडं.

“फोटो काढशील तर बघ,” म्हणाला.