झाशीचा नाटकवेडा राजा

झाशीच्या किल्ल्यात गर्दी असते ती कडक बिजली तोफेपाशी आणि ‘जंपिंग स्पॉट’वर. पाठीशी मुलाला बांधून राणीनं इथूनच घोडा उडवला, असं सांगतात. कठड्यावरून एक गृहस्थ बायकोला त्या उडीचं गणित समजावत होते, आणि त्यांची लेक ओढणीत पाण्याची बाटली बाळासारखी पाठीला बांधून हवेत तलवार चालवत होती. मला ती फार आवडली. या गावात राणी व्हायला एक ओढणी पुरते.

मी मात्र राजासाठी आले होते. गंगाधरराव नेवाळकर नाटकवेडे होते. पदरी नट बाळगायचे, नाटकं बसवायचे, स्वतः लुगडं नेसून स्त्रीपार्ट करायचे. काळ बघा: 1843 साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, म्हणून आपण तिथून मराठी रंगभूमी मोजतो. साधारण त्याच वर्षांत, इतक्या दूर बुंदेलखंडात, एक मराठी संस्थानिक स्वतःच तोंडाला रंग लावत होता. आश्रय देणारे राजे पुष्कळ झाले. अंगावर भूमिका घेणारा विरळा.

वरसईचे विष्णुभट गोडसे ‘माझा प्रवास’मध्ये गंगाधररावांच्या या स्त्रीवेषाबद्दल लिहितात. ते झाशीत पोचले तेव्हा राजाला जाऊन काही वर्षं झाली होती, म्हणजे गोष्ट ऐकीव. इंग्रज अधिकाऱ्यानं वेषाबद्दल विचारलं, तेव्हा राजा म्हणाला म्हणे, तुम्ही सगळ्या राजांच्या हातांत बांगड्याच भरल्यात, मग मी तरी दुसरं काय करणार! खरं-खोटं गोडसेभटजींना माहीत, पण हे उत्तर नटाचंच आहे. वाक्य कुठं टाकायचं, ते त्याला कळत होतं.

सिनेमा-मालिकांत हा माणूस बहुतेक वेळा राणीमागे उभा असतो, फिकट, खोकत. लुगडं नेसायचा म्हणून दुबळा ठरवणारेही भेटतात. याचा मला मनापासून राग येतो. बालगंधर्वांच्या शालूची नक्कल महाराष्ट्रातल्या बायका करत होत्या; तोच महाराष्ट्र झाशीच्या राजाबद्दल मात्र खालच्या आवाजात बोलतो.

21 नोव्हेंबर 1853 ला ते गेले. लक्ष्मी तालाजवळ राणीनं त्यांची छत्री बांधली. ती बघून मी गावातल्या मराठी काकूंकडे जेवायला गेले. राजा-राणीचं लग्न जिथं लागलं असं म्हणतात, त्या गणेश मंदिराविषयी बोलता बोलता त्या म्हणाल्या, “गणपतीत आमची मुलं राणीचाच प्रवेश करतात. राजाला दोन वाक्यं. दत्तक घेतो आणि मरतो.”

“काकू, यंदा त्याला तालीम घेताना दाखवा ना. आरशासमोर, नऊवारीत.”

काकूंचा पोळीचा हात थांबला. “पण निऱ्या नीट धरणारा मुलगा हवा,” त्या म्हणाल्या, आणि गल्लीतल्या पोरांची नावं एकेक करून घेऊ लागल्या. कोण उंच, कोण लाजतो, कुणाला नुकतीच मिशी फुटलीय. आमटी उतू गेली, तरी यादी चालूच होती.