पथ्य विचारीत नगर जिल्ह्यातून

आपला नगर जिल्हा, २०२४ पासून सरकारी कागदांवर अहिल्यानगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. तालुके चौदा. पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरात पाऊस थांबता थांबत नाही आणि दक्षिणेला जामखेड-कर्जतकडे पावसाची वाट पाहून डोळे शिणतात. मधल्या पट्ट्यात कालव्याचे पाणी आणि ऊस. म्हणून एकाच जिल्ह्यात तीन तऱ्हेची ताटे जेवायला मिळतात. आमची सोयरीक या तिन्ही भागांत पसरलेली आहे. माझे स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, मग केमोची सलाइने झाली, मग किरणांचा शेक झाला. आता रोजची एक गोळी तेवढी चालू आहे. अंगात थोडी ताकद आल्यावर मी या सगळ्या नातलगांकडे जाऊन आले. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचाही फार विचार करावा लागला नाही. आणि भगिनींनो, ज्या घरी गेले त्या घरी चहा येण्याआधी प्रश्न आला, "आता पथ्य काय?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. आजार कळला त्या आठवड्यापासून घरी येणारे प्रत्येक माणूस माझ्या ताटातले काहीतरी उचलून नेत होते. एकाने मटण बंद सांगितले, दुसरीने अंडी. वांगे नको, हरभऱ्याची डाळ वातूळ म्हणून नको, दूध नको, आंबट नको, साखर तर विषच. एका ओळखीच्या गृहस्थांनी गोमूत्राची बाटली आणली, तिला मी लांबूनच हात जोडले. एकीने गव्हाच्या कोवळ्या पात्यांचा कच्चा रस सुचविला. तिची माया खरी होती. पण केमोच्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि कच्च्या, न शिजवलेल्या पदार्थातला साधा जंतूही महागात पडतो. त्या दिवसांत पाणी उकळून, फळ धुऊन-सोलून आणि अंडे पूर्ण उकडून घ्यायचे असते. गाडीवरची कापलेली फळे नाहीत, दुधात फेटलेले कच्चे अंडेही नाही. पथ्य म्हणायचे तर ते हे.

हॉस्पिटलात आहार सांगणाऱ्या बाईंनी मात्र काहीच बंद केले नाही. त्यांनी माझे वजन केले, ४६ किलो भरले. म्हणाल्या, "किलोमागे निदान १ ग्रॅम प्रथिने रोज पोटात गेली पाहिजेत, दीड ग्रॅमपर्यंत गेली तर उत्तम. जखम भरायला, पेशी नव्याने तयार व्हायला ती लागतात." म्हणजे मला रोज ४६ ते ६९ ग्रॅम. दोन उकडलेली अंडी म्हणजे १२ ग्रॅम, मूठभर शेंगदाणे ७, घट्ट वरणाची वाटी ६-७, ज्वारीची एक भाकरी ५-६. शंभर ग्रॅम मटण साधारण २०. आता यातून हितचिंतकांनी सांगितलेले मटण, अंडी, डाळ आणि दूध वजा करा. मागे उरते ती भाकरी आणि कोरा चहा. हा हिशेब मी एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवला होता. प्रवासात तो पुष्कळांना दाखविला.

पहिला मुक्काम जामखेडला, थोरल्या नणंदेकडे. आक्कांनी रात्री हुलग्याचे माडगे केले होते. हुलगा भाजून, भरडून, गूळ-सुंठ घालून केलेले हे पातळ माडगे गरिबाच्या घरचे. आजाऱ्याला आणि बाळंतिणीला देण्याची जुनी रीत आहे. शंभर ग्रॅम हुलग्यात २० ग्रॅमच्या वर प्रथिने आहेत, हे बाजारातल्या डब्यांची जाहिरात पाहणाऱ्या पोरींना सांगितले तर खरे वाटत नाही.

जामखेड म्हटले की डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचे नाव निघतेच. १९७० साली या दांपत्याने इथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले आणि गावोगावच्या, पुष्कळशा अडाणी आणि आपल्यासारख्या वस्तीतल्या बायांना आरोग्यसेविका केले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वेगवेगळ्या जातींच्या या बाया शिक्षणासाठी जमत तेव्हा एकत्र रांधून एकत्र जेवत. सुरुवातीला ते सोपे गेले नव्हते. आक्कांच्या गल्लीत अशीच जुनी काम केलेली एक म्हातारी आहे. ती भेटायला आली. माझा कागद तिला वाचता येईना, म्हणून मी वाचून दाखविला. ती म्हणाली, "आमच्या टायमाला पोटुशीला उपाशी ठिवायचे. जास्ती खाल्लं तर पोर मोठं हुईल, सुटका अवघड हुईल म्हनायचे. ती समजूत काढाया आमाला किती वर्सं लागली! आता तुमी आजाऱ्याला उपाशी ठिवाया लागला का?" मग तिने विचारले, "मटनाचं ऱ्हाऊ द्या. मिसरी लावता का?"

मी मिश्री कधी लावलेली नाही. पण आक्कांच्या हातातली डबी हळूच पदराखाली गेली.

खरेच, जो तो मला वांगे सोडायला सांगत होता, मिश्रीचे मात्र जामखेडच्या या म्हातारीखेरीज कुणी विचारले नाही. भाजलेली तंबाखूच ती. तोंडाच्या कॅन्सरशी तिचा संबंध उघड आहे, आणि केमोत तोंड आलेले असताना तर ती आगीत तेल. दारूचेही तसेच. थोडी थोडी घेतली तरी स्तनाच्या कॅन्सरचा धोका ती वाढवते, हे आता पक्के झालेले आहे.

जामखेडच्या पलीकडे सोलापूर जिल्ह्यात बार्शी. तिथे कॅन्सर हॉस्पिटल आहे आणि १९८७ पासून खेड्यांतल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवली जाते. अशी ग्रामीण नोंद देशात तिथेच पहिली सुरू झाली. आक्कांच्या ओळखीच्या दोघी तिथेच उपचार घेऊन आल्या. एकीने अंडीसुद्धा सोडली होती. कारण विचारले तर म्हणाली, "सात्त्विक खाल्लं की आजार पळतो म्हणतात."

हे सात्त्विक प्रकरण आपल्या घरात शिरताना जरा थांबवून विचारले पाहिजे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले ते माणसाच्या इभ्रतीसाठी. त्यात ताजे मटण किंवा अंडे खाणारा हलका, असे कुठे नव्हते. विनयपिटकात वाराणसीच्या सुप्पिया उपासिकेची कथा आहे. आजारी भिक्खूला मांसरसाची गरज होती, आणि नेमकी त्या दिवशी नगरात कत्तलबंदी होती. तिला कुठेच मांस मिळेना, तेव्हा तिने स्वतःच्या मांडीचे मांस कापून दिले. तथागतांनी मनुष्याचे मांस वर्ज्य ठरविले. पण आजाऱ्याने मांसरस मागितला म्हणून त्याला बोल लावला नाही. मोठ्याचे मांस हे गरिबाचे स्वस्त प्रथिन होते. मार्च २०१५ पासून राज्यात बैल-वळूच्या कत्तलीलाही बंदी आली. त्याच वर्षी शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' निघाले. आपल्या घरांत काय शिजत होते त्याची नोंद हवी असेल तर ते वाचावे. एवढे मात्र खरे की तांबडे मांस रोज आणि भरपूर खाऊ नये. आतड्याच्या कॅन्सरशी त्याचा संबंध सांगितला जातो. पण किलोभर मटण एका दिवसाच्या रोजात येत नाही, तिथे भरपूर खाण्याचा प्रश्न येतोच कुठे? अंडी, कोंबडीचे पाय, सुकट, हुलगा, शेंगदाणे यांवरच भागवायचे आहे.

लोणीकडे चुलत दिरांकडे गेले तेव्हा रस्त्याने उसाच्या गाड्या लागल्या. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास इथेच उभा राहिला. साखरेच्या या मुलखात जाऊबाईंनी मला फिका चहा दिला! "साखर खाल्ली की गाठ वाढते ना?" शरीरातली प्रत्येक पेशी साखरेवर चालते, चांगलीही आणि वाईटही. आपण चमचाभर सोडली म्हणून गाठ उपाशी मरत नाही. मात्र पाळी गेल्यानंतर वजन फार वाढले तर हा आजार होण्याचा, पुन्हा होण्याचा धोका वाढतो, आणि गोळ्या चालू असताना पुष्कळ बायकांचे वजन वाढतेच. म्हणून गोड बेतानेच. पण केमोच्या त्या दोन-तीन दिवसांत, पाण्याचा वाससुद्धा नको होतो तेव्हा, मीठ-साखरेची तांदळाची पेज दर दोन तासांनी चार घोट घेतली आणि त्यावरच मी तगले. त्या दिवसांत साखर मोजू नये.

जाऊबाईंच्या घरी अंडी आणतात. ती मोठ्या मुलाला आणि दिरांना. त्या स्वतः सगळ्यांचे झाल्यावर उरलेल्या रश्शाशी भाकरी खातात. मी कागद काढला, पण तो वाचून होईपर्यंत त्या चुलीकडे निघून गेल्या होत्या. दिरांनी मात्र तो पुन्हा मागून घेतला.

शेवटी अकोले. भाची तिथे अंगणवाडीत आहे. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे जपून बँक उभी केली. शाळा न शिकलेल्या या आदिवासी बाईंना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. भाचीच्या परसात घेवड्याचा जो वेल आहे त्याचे बी कोंभाळण्याचेच. तिने नाचणीची भाकरी केली. माझ्या गोळीने हाडे ठिसूळ होऊ शकतात, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आणि शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. शेजारच्या मास्तरांनी लगेच सांगितले, "नाचणीने कॅन्सर बरा होतो." नाही होत, मास्तर. कॅन्सर ऑपरेशनने आणि औषधाने बरा होतो. नाचणी हाडांसाठी.

भाचीने भाकरीवर सुकटीची चटणी वाढली आणि विचारले, "मावशी, चालतं ना तुला?"

चालते म्हटले, मीठ जरा कमी घाल. येताना तिने तीन किलो नाचणी बांधून दिली. संगमनेरला गाडी बदलताना ती पिशवी उचलायला एका कंडक्टरने हात लावला. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने मी अजून जड उचलत नाही.