बर्फांत रुतलेली गाडी

आमचें बालपण कोंकणांत गेलें. चिखलांत रुतलेली बैलगाडी आम्हीं किती वेळां तरी पाहिली असेल. चाकांखालीं झावळ्या घालाव्या, चौघांनीं खांदा द्यावा, बैलांच्या शेपट्या पिरगाळाव्या, कीं गाडी वर! एवढ्या भांडवलावर आपणांस बर्फांतलेंहि कळतें अशी आमची समजूत होती. 2024 सालच्या मार्गशीर्षांत, चिरंजीवांकडे बफेलोस गेलों असतां, ती साफ खोटी ठरली. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें तिकडे आहेत, म्हणून ही हकीकत लिहितों.

हें शहर अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत, ईरी सरोवराच्या पूर्व टोंकास आहे. सरोवर गोठण्यापूर्वीं त्याचें पाणी वरच्या हवेपेक्षां उबदार असतें. थंडगार वारा त्यावरून येतांना वाफ उचलतो आणि कांठीं येतांच बर्फरूपानें टाकून देतो. हा पट्टा फार अरुंद असतो. 2014 सालच्या नोव्हेंबरांत दक्षिणेकडील कांहीं भागांत पांच फुटांहून अधिक बर्फ पडलें, आणि थोड्याच मैलांवर उत्तरेस तें नांवापुरतें!

गुरुवारच्या पूजेस सौ.ला पांच फळें हवीं होतीं. "दहा मिनिटांचें काम आहे, बाबा," असें म्हणून चिरंजीवांनीं गाडी काढली. आम्ही उभयतां व पांच वर्षांचा नातू मागें बसलों. परततांना वळणावर गाडी कडेच्या ढिगांत शिरली ती तेथेंच बसली. चाकें जागच्या जागीं गरगरूं लागलीं. आम्हीं मागून सल्ला दिला, "आणखी जोरांत!" तोच चुकला. फिरत्या चाकाच्या घर्षणानें खालचें बर्फ वितळतें, लागलीच गोठतें, आणि चाकाखालीं आरसा तयार होतो. शिवाय गाडीचें पोट बर्फावर टेकलें म्हणजे चाकांवर भारच राहत नाहीं.

चिरंजीव फावडें घेऊन उतरले. आम्हां तिघांस त्यांनीं आंतच बसविलें. उबेसाठीं एंजिन चालू, कांचा घट्ट बंद. बाहेर बर्फाचा मारा चाललाच होता. नातू आजीच्या मांडीवर पेंगूं लागला. सौ. म्हणाली, "माझेंहि डोकें जड झालें आहे हो." आम्हीं तें थंडीवर ढकललें.

इतक्यांत समोरच्या घरांतून एक वृद्ध गृहस्थ धांवत आले. ओळख ना देख. त्यांनीं दार उघडून प्रथम एंजिन बंद करविलें, आम्हांस बाहेर काढलें, आणि गुडघे टेकून गाडीच्या मागची धुराची नळी हातांनीं उकरूं लागले. ती पुरती बुजली होती! अशा वेळीं धूर गाडीखालीं कोंडतो व आंत शिरतो. त्यांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस ना रंग, ना वास. माणसास गुंगी येते आणि झोंपेंतच तो जातो. सौ. नातवास कडेवर घेऊन त्याचे गाल थोपटीत राहिली. कांहीं वेळानें तो मोठ्यानें रडूं लागला. चिरंजीव फावडें धरून नुसते उभे होते.

त्या गृहस्थांनीं आम्हांस घरांत शेकोटीशीं नेलें व रुग्णवाहिका बोलाविली. इस्पितळांत सर्वांचें रक्त तपासलें, भय नव्हतें.

गाडी दुसऱ्या दिवशीं त्यांनींच काढून दिली. प्रथम पोटाखालचें बर्फ उपसलें, चाकें सरळ केलीं, पुढच्या चाकांखालीं पायपुसणीं सरकविलीं व वर वाळू पसरली. चाकाच्या रेषेंत कोणास उभें राहूं दिलें नाहीं, कारण पायपुसणें गोफणीसारखें सुटतें. मग पाळण्यास झोका द्यावा तशी गाडी हलकेंच पुढें, हलकेंच मागें. पांचव्या झोक्यास ती निघाली. झावळ्यांचीच विद्या ही. शेपटी पिरगाळणें तेवढें वर्ज्य! आंत बसून राहणें भागच असेल तर, ते म्हणाले, आधीं नळी मोकळी करावी, एंजिन तासांत दहाच मिनिटें चालवावें व एक कांच बोटभर उघडी ठेवावी.

गुरुवारची पूजा त्या रात्रीं उशिरां झाली. उत्तरपूजेनंतर पांचहि फळें सौ.नें त्या गृहस्थांकडे पाठविलीं. चिरंजीवांस आम्ही अवाक्षर बोललों नाहीं. नळीची गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली नाहीं हें खरें. पण डोकें जड झाल्याचें सौ.नें सांगितलें होतें तें आम्हांस.