नुसता खड्डा पुरत नाही

गोदामातल्या लोखंडी रॅकसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा घ्यावा, मीठ-कोळसा भरावा, जीआय पट्टी रॅकच्या खांबाला आवळावी आणि निर्धास्त व्हावं, असं माझं ठाम मत होतं. ‘करंट जमिनीत उतरतो, माणूस वाचतो’ हे आमच्या धंद्यात इतकं मुरलंय की त्यावर शंका घ्यावीशीच वाटत नाही. आज मी तसं मानत नाही.

मत बदललं ते साध्या भागाकारानं. भिवंडीतल्या एका गोदामाचा आराखडा पाहत होतो. ट्रान्स्फॉर्मर त्यांचा स्वतःचा. पॅलेट ट्रकच्या चार्जरची केबल रॅकच्या खांबांवरून नेलेली. पॅलेट घासून ती सोलली आणि २३० व्होल्टची फेज रॅकला टेकली, तर? खड्ड्याचा रोध ४ ओहम धरला, ट्रान्स्फॉर्मरच्या न्यूट्रलच्या अर्थिंगचा १ ओहम. करंट आला ४६ अँपिअर. ३२ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी झटक्यात पडायला १६० ते ३२० अँपिअर लागतात. ४६ वर तो तासभरसुद्धा तग धरू शकतो. तोवर रॅकवर १८४ व्होल्ट, आणि त्याच रॅकला हमालाचे उघडे हात. शिवाय ४ ओहम म्हणजे खड्डा चांगलाच म्हणायचा.

करंटला जमिनीत मुरायचं नसतं, ट्रान्स्फॉर्मरकडे परत जायचं असतं. त्याला मातीची नव्हे, तांब्याची वाट हवी. रॅक पॅनेलच्या अर्थ बसबारला जोडला आणि सगळ्या लूपचा रोध अर्ध्या ओहमवर आला, तर ४६० अँपिअर वाहतात आणि एमसीबी तत्क्षणी पडतो. सॉकेटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असला, तर आणखी एक पहारेकरी मिळतो.

जोडणीबद्दलही माझं मत बदललं. रॅक अखंड लोखंड आहे, एका खांबाला जोडलं की पूर्ण रांग जोडली गेली, असं वाटायचं. पण बीमचे हूक खांबाच्या खाचांत नुसते अडकलेले असतात आणि मध्ये पावडर कोटिंगचा थर असतो. मल्टिमीटरची टोकं शेजारच्या दोन खांबांवर रंग खरवडून टेकवा: कुठे सलगता मिळते, कुठे नाही. म्हणून मी आता जोडाच्या जागी रंग काढून, दातेरी वॉशर घालून, खांबाखांबांत हिरवी-पिवळी वायर द्यायला सांगतो.

ज्या रॅकवर दिवा नाही, केबल नाही, जवळ विजेचं यंत्रही नाही, आणि बाहेरून व्होल्टेज आणू शकेल अशा पाइपला किंवा इमारतीच्या लोखंडालाही तो भिडलेला नाही, त्याला अर्थिंगचा आग्रह मी सोडला आहे. तो पैसा धोक्याच्या रांगांवर लागावा.

खड्ड्याला माझा विरोध नाही. ट्रान्स्फॉर्मरला, वीजरोधकाला तो हवाच. पण रॅक सुरक्षित आहे, असं आता मी खड्ड्याचं रीडिंग पाहून लिहून देत नाही. रांगेच्या शेवटच्या खांबावर लूप टेस्टर लावतो, आणि तो आकडा एमसीबी पाडायला पुरतो का, ते पाहूनच सही करतो.